एफ ४६, एसएल ३, साडेचार गुण : पॅरा खेळांमधले ‘क्लास’ ठरतात तरी कसे?

पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये ४ सप्टेंबर २०२४ रोजी सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारीने १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवलं. दोनच दिवसांनी नागालँडच्या, सैन्यात असलेल्या होकाटो सेमाने १४.६५ मीटरच्या फेकीवर कांस्य जिंकलं. दोघेही गोळाफेकवालेच. पण खिलारी वर्तुळात उभा राहून फेकत होता आणि सेमा जमिनीला पट्ट्यांनी जखडलेल्या स्टुलावर बसून. एकाच्या नावापुढे एफ ४६ लिहिलं होतं, दुसऱ्याच्या नावापुढे एफ ५७.

खिलारीला टीव्हीवर पाहून अनेक घरांत एकच प्रश्न निघाला, ‘याला झालंय काय? दोन्ही पाय धड, गोळा फेकतो तो हातही धड.’ प्रश्न अगदी रास्त आहे. पण दुसऱ्या दिवशीच्या बातमीत त्याचं उत्तर सापडत नाही. तिथे ‘जिद्द’, ‘नियतीवर मात’ आणि आईचे अश्रू असतात. एफ ४६ म्हणजे काय, हे कुणी सांगत नाही. क्रिकेटची बातमी देताना एलबीडब्ल्यूचा नियम न सांगता फलंदाजाच्या गरिबीवरच चार रकाने लिहिले, तर आपण चालवून घेऊ का? पॅरा खेळांच्या बाबतीत मात्र बिनदिक्कत चालवून घेतो. मग हे खेळ पाहायचे कसे हेच कळत नाही. डोळे पाणावतात आणि दहा मिनिटांनी चॅनल बदलतं.

नावापुढच्या त्या अक्षर-आकड्याला क्लास म्हणतात आणि तो ठरवण्याच्या कामाला क्लासिफिकेशन. पॅरा खेळांचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. कुस्तीत ५७ किलोचा आणि ९७ किलोचा पैलवान एकमेकांशी भिडवत नाहीत, तसंच हे. फरक इतकाच की वजनाला काटा आहे, अपंगत्वाला नाही. मानेखाली शरीर लुळं पडलेला माणूस आणि एका हाताची बोटं नसलेला माणूस एकाच शर्यतीत उतरवले, तर निकाल आधीच लागलेला असतो. सगळ्यांत कमी अपंगत्व असलेलाच दरवेळी जिंकेल. ते टाळण्यासाठी गट पाडावे लागतात. म्हणूनच पॅरालिम्पिकमध्ये एकट्या शंभर मीटर धावण्याची पुरुषांची सुवर्णपदकं डझनाहून जास्त असतात, आणि पॅरिसमध्ये २२ खेळांत मिळून तब्बल ५४९ सुवर्णपदकांच्या स्पर्धा झाल्या.

टक्केवारी वेगळी, क्लास वेगळा

आपल्याकडे अपंगत्व म्हटलं की आधी टक्के आठवतात. सरकारी दवाखान्यातून मिळणारं प्रमाणपत्र, त्यावरचे ४० टक्के, ६० टक्के, मग एसटीची सवलत, नोकरीतलं आरक्षण. खेळाच्या क्लासशी या टक्क्यांचा थेट संबंध नाही. टक्केवारी सांगते, शरीराचं एकूण किती नुकसान झालंय. क्लास सांगतो, झालेल्या नुकसानीमुळे *या एका खेळात* किती अडतं. त्यामुळे प्रमाणपत्रावर भरभक्कम आकडा असलेला माणूस एखाद्या खेळात अपात्र ठरू शकतो, आणि कमी आकड्याचा पात्र.

खिलारीचंच पाहा. शाळेत असताना सायकलवरून पडून झालेली दुखापत चिघळली आणि डावा हात कायमचा अधू झाला. गोळा तो उजव्या हाताने फेकतो. मग डाव्या हाताचं काय अडलं? फेकणाऱ्या माणसाकडे एकदा नीट बघा. मोकळा हात आधी पुढे जातो, खांदे उघडतो आणि शेवटच्या क्षणी छातीजवळ झटकन आवळला जातो. त्या झटक्याने शरीराची ती बाजू अडते आणि सगळा जोर दुसऱ्या बाजूने गोळ्यात उतरतो. तो हात निकामी असेल तर तोलही जातो आणि जोरही. सराव करताना जड वजनं दोन्ही हातांनी उचलता येत नाहीत, हा आणखी एक तोटा. पण हाच खिलारी व्हीलचेअर बास्केटबॉलच्या स्पर्धेला गेला तर दारातूनच परत पाठवतील, कारण तो खेळ पायांत दोष असलेल्यांसाठी आहे. पॅरा पॉवरलिफ्टिंगचंही तसंच.

क्लास देताना तीन प्रश्न ओळीने विचारले जातात. पहिला, खेळाडूला मान्य यादीतलं अपंगत्व आहे का? या यादीत दहा प्रकार आहेत, त्यांतले आठ शारीरिक : स्नायूंची ताकद कमी असणं (पोलिओ, मणक्याची दुखापत), सांधे पुरेसे न वळणं, अवयव नसणं, एक पाय आखूड असणं, ठेंगणेपणा, आणि मेंदूच्या इजेमुळे येणारे तीन, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा, हालचालींतला ताळमेळ जाणं आणि आपोआप होणाऱ्या हालचाली. उरलेले दोन म्हणजे दृष्टिदोष आणि बौद्धिक अपंगत्व. नुसती पाठदुखी किंवा हृदयविकार यात बसत नाही. कर्णबधिरांची तर १९२४ पासून स्वतंत्र ऑलिम्पिक भरते, डेफलिम्पिक्स.

दुसरा प्रश्न, ते अपंगत्व त्या खेळासाठी ठरवलेल्या किमान मर्यादेइतकं आहे का? तिसरा, असेल तर कोणत्या क्लासमध्ये?

उत्तरं शोधायला एक टेबल, एक मोजपट्टी आणि बहुधा दोन-तीन क्लासिफायर असतात. त्यांत कुणी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट, कुणी खेळाचा जाणकार. खेळाडूला टेबलावर झोपवून एकेका सांध्याची आणि स्नायूची तपासणी होते. ‘गुडघा वर उचला, मी दाबतोय, सोडू नका.’ स्नायूला ० ते ५ गुण. शून्य म्हणजे हालचालच नाही, पाच म्हणजे पूर्ण ताकद. कापलेल्या हातापायाची लांबी मोजतात. मग खेळातली हालचाल करून दाखवायची : फेक, धाव, पोहणं. एवढ्यावरही भागत नाही. गरज वाटली तर प्रत्यक्ष स्पर्धेत क्लासिफायर कडेला बसून पाहतात, कारण टेबलावर न उचललेला हात पदकाच्या फेकीत उचलला गेला तर ते दिसायला हवं.

भारताला याचा चटका टोकियोत बसला. २९ ऑगस्ट २०२१ रोजी थाळीफेकपटू विनोद कुमारने एफ ५२ गटात १९.९१ मीटर फेक करून कांस्य मिळवलं. प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्या क्लासवर हरकत घेतली, पदकप्रदान थांबलं आणि दुसऱ्या दिवशी तांत्रिक समितीने त्याला या गटासाठी अपात्र ठरवलं. पदक गेलं. स्पर्धेच्या काही दिवस आधी तिथेच त्याला हा क्लास मिळाला होता, हे कळल्यावर आपल्याकडे संताप झाला. संताप समजू शकतो. पण फेरतपासणीची तरतूद काढून टाकली तर खोटेपणाला रान मोकळं मिळेल. सिडनीत २००० साली स्पेनच्या बौद्धिक अपंगत्व गटातल्या बास्केटबॉल संघाने सुवर्ण जिंकलं, आणि नंतर उघड झालं की बारापैकी दहा खेळाडूंना तसं अपंगत्व नव्हतंच. त्याची शिक्षा खऱ्या खेळाडूंनी भोगली. बौद्धिक अपंगत्वाचे सामने पॅरालिम्पिकमधून गेले ते लंडन २०१२ लाच परतले.

आकडे वाचायचे कसे

अॅथलेटिक्समध्ये टी म्हणजे धावणं आणि उड्या, एफ म्हणजे फेकीचे प्रकार. पुढच्या दोन आकड्यांतला पहिला अपंगत्वाची जात सांगतो, दुसरा तीव्रता. ११ ते १३ दृष्टिदोष, २० बौद्धिक. तिशीचे क्लास मेंदूच्या इजेचे, म्हणजे सेरेब्रल पाल्सी वगैरे. ४० आणि ४१ ठेंगण्या खेळाडूंचे. ४२ ते ४४ पायातला दोष, ४५ ते ४७ हातातला. पन्नाशीचे सगळे बसून खेळणारे. ६१ ते ६४ कृत्रिम पाय लावून खेळणारे. एका कुळात आकडा जितका लहान, तितकं अपंगत्व जास्त, हे साधारण सूत्र. म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा भागातल्या दिलीप गावितने हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत टी ४७ गटात ४०० मीटरचं सुवर्ण जिंकलं, आणि त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक आलं, तेव्हा हा धावण्याचा प्रकार आणि हाताचा दोष, एवढं तुम्हाला न सांगता कळायला हवं.

गंमत अशी की दोन-तीन क्लास एकत्र करूनही स्पर्धा घेतात, कारण प्रत्येक क्लासला पुरेसे खेळाडू मिळत नाहीत. पॅरिसमध्ये प्रवीण कुमारने २.०८ मीटर उंच उडी मारून सुवर्ण घेतलं ते टी ६४ च्या स्पर्धेत, पण तो स्वतः टी ४४ चा, जन्मतः एक पाय आखूड असलेला. शेजारी कृत्रिम पायावर उडी मारणारे होते. मला स्वतःला ही जोडणी नेहमीच न्याय्य वाटत नाही, पण तीन खेळाडूंत तीन पदकं वाटण्यापेक्षा बरी.

पोहण्यात अक्षर एस, आणि शारीरिक अपंगत्वाला एस १ ते एस १० असे दहा क्लास. पण ब्रेस्टस्ट्रोकसाठी एसबी नावाचा वेगळा क्लास मिळतो, कारण त्यात पायांच्या रेट्याला जास्त महत्त्व. एकच माणूस, पाणीही तेच, पण पोहण्याची तऱ्हा बदलली की क्लास बदलू शकतो. कृत्रिम हात-पाय काठावर काढून ठेवायचे. करमाळ्याच्या सुयश जाधवने लहानपणी विजेच्या धक्क्यात दोन्ही हात गमावले. २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत एस ७ गटात ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण त्याचं. बॅकस्ट्रोक सुरू करताना कठड्याची दांडी धरायला हात नसलेले काही जलतरणपटू टॉवेल दातात धरतात. दुसरं टोक काठावरच्या मदतनिसाच्या हातात. इशारा होतो, दात सुटतात.

हे सगळं असं नेमकं पहिल्यापासून नव्हतं. नाझी जर्मनीतून इंग्लंडला आलेले डॉ. लुडविग गुटमान स्टोक मँडविलच्या रुग्णालयात मणक्याच्या जखमी सैनिकांवर उपचार करत. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी व्हीलचेअरवरच्या १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. त्यातूनच १९६० मध्ये रोमला पहिली पॅरालिम्पिक भरली. तेव्हा गट पडत ते निव्वळ वैद्यकीय निदानावर : मणका कुठे मोडलाय, पाय कुठून कापलाय. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर याच काळातले. मूळचे सैन्यातले बॉक्सर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण दिलं. वैद्यकीय पद्धतीत गट भारंभार होत. हळूहळू प्रश्न बदलला. ‘तुला काय झालंय’ ऐवजी ‘तुला या खेळात काय करता येतं’ हे पाहिलं जाऊ लागलं, आणि १९९२ च्या बार्सिलोनापासून तीच रीत रुळली.

चौदा गुणांचं गणित

नियमांचं खरं सौंदर्य पाहायचं असेल तर व्हीलचेअर बास्केटबॉल पाहा. इथे प्रत्येक खेळाडूला १ ते ४.५ गुण मिळतात, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने. ज्याला कमरेवरचं धड वळवता येत नाही, पुढे वाकल्यावर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही, तो एक गुणाचा. एका पायाचा पंजा नसलेला, पण कंबर-पोट मजबूत असलेला साडेचारचा. मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. प्रशिक्षकाची खरी कसोटी इथे. साडेचारचे तीन घेतले तर साडेतेरा तिथेच झाले, उरले दोन खेळाडू आणि अर्धा गुण. म्हणजे अशक्य. ४.५, ४, ३, १.५, १ ही जुळणी बसते. सगळ्यांत जास्त अपंगत्व असलेला खेळाडू त्यामुळे संघात दयेने नसतो, गणिताने असतो. त्याच्याशिवाय मोठा नेमबाज मैदानावर आणताच येत नाही. आणि तो नुसता उभाही नसतो. आपली खुर्ची प्रतिस्पर्ध्याच्या खुर्चीला आडवी घालून त्याला कोंडणं हे त्याचं काम. सामना बघताना चेंडू सोडून एक गुणवाल्याकडे पाच मिनिटं बघा, बास्केट कुठून तयार झाली ते कळेल.

बास्केट तेवढीच उंच, ३.०५ मीटर. मैदान तेवढंच. चेंडू मांडीवर ठेवून चाकांना दोनच धक्के द्यायचे, मग चेंडू आपटायचा किंवा पास द्यायचा. खुर्ची म्हणजे खेळाडूचं शरीरच, तिला धक्का लागला तर फाउल. ती खुर्चीही दवाखान्यातली घडीची नव्हे. चाकं वरून आत, खालून बाहेर झुकलेली असतात, त्यामुळे जागच्या जागी गर्रकन वळता येतं आणि दोन खुर्च्या भिडल्या तर बोटं मध्ये सापडत नाहीत. मागे एक छोटं चाक, उलटं पडू नये म्हणून. पुढे पायांभोवती नळीचा कठडा. खेळाडू पट्ट्यांनी बांधलेला, म्हणून आडवा पडला तरी खुर्चीसकट पडतो आणि बहुतेक वेळा खुर्चीसकटच उठतो.

बाकी खेळांत नियमांची छाटणी अशीच बेताने केलेली दिसते. व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूला दोन टप्पे चालतात, दुसरा टप्पा कोर्टाबाहेर पडला तरी. बॅडमिंटनमध्ये एसएल ३, म्हणजे पायात जास्त दोष असलेले, एकेरी सामना उभ्या अर्ध्या कोर्टावर खेळतात. एसएल ४ ला पूर्ण कोर्ट. सांगलीचा सुकांत कदम पॅरिसमध्ये या एसएल ४ मध्येच चौथा आला. बैठ्या व्हॉलीबॉलमध्ये पुरुषांची जाळी १.१५ मीटर उंच, कोर्ट १० बाय ६, आणि चेंडू मारताना बूड जमिनीवरून उचलायचं नाही.

बोचा हा खेळ मात्र वेगळाच. त्याचा ऑलिम्पिकमध्ये जोडीदार नाही. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले सहा लाल किंवा सहा निळे चामडी चेंडू न्यायचे. बीसी ३ क्लासच्या खेळाडूला चेंडू हातात धरताही येत नाही, म्हणून समोर एक उतरती पन्हाळ असते आणि ती हलवायला मदतनीस. पण मदतनीस मैदानाकडे पाठ करून बसतो. वळून बघायचं नाही. पन्हाळ किती डावीकडे, किती उंच, हे खेळाडू डोळ्यांनी किंवा शब्दांनी सांगतो आणि कपाळाला बांधलेल्या काठीने चेंडू सोडतो. हात दुसऱ्याचे, डाव पूर्णपणे त्याचा. मदत कुठे संपते आणि खेळ कुठे सुरू होतो, याची इतकी स्वच्छ रेघ मी दुसऱ्या कुठल्या नियमपुस्तकात पाहिलेली नाही.

सगळेच वाद सुटलेत असं नाही. जर्मनीचा लांब उडीपटू मार्कुस रेम कृत्रिम पाय म्हणून लावलेल्या कार्बन फायबरच्या पात्यावरून झेपावतो. त्याचा टी ६४ मधला विक्रम ८.७२ मीटरचा आहे, आणि पॅरिस ऑलिम्पिकचं सुवर्ण गेलं ८.४८ मीटरवर. पातं पायाची उणीव भरून काढतं की त्याहून जास्त देतं? या प्रश्नावर अडूनच त्याला ऑलिम्पिकचं दार बंद राहिलं. दोन्ही पाय कृत्रिम असलेल्यांनी पाती किती लांब लावावीत यावर मर्यादा घातलेली आहे, नाहीतर उंची हवी तशी वाढवता आली असती.

पदक नको, नुसतं खेळायचंय

आतापर्यंतचं सगळं स्पर्धेचं. पण बहुतेकांना ना पॅरिस हवं असतं ना क्लास. रविवारी सकाळी तासभर खेळायचं असतं, बस्स. इथे नियम तुमचे तुम्हीच करू शकता. सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टावर कुबडी घेणाऱ्या मुलीला अर्धं कोर्ट द्या, समोरच्याला पूर्ण सांभाळू द्या. दोरी खाली बांधून सतरंजीवर बसून व्हॉलीबॉल खेळा, सगळ्यांनीच. धडधाकट माणसं पाच मिनिटांत दमतात. अडचण खेळात क्वचितच असते. ती असते तलावाच्या उंच कठड्यात, क्रीडासंकुलाच्या चार पायऱ्यांत, व्हीलचेअर न शिरणाऱ्या स्वच्छतागृहात. फूटभर उंचीला बारा फूट लांब उतार लागतो. अनेक ठिकाणी रॅम्प म्हणून जे बांधतात त्यावरून मोटारसायकलसुद्धा पहिल्या गिअरमध्ये चढते.

कायदा या बाजूने आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं ३० वं कलम खास खेळांबद्दल बोलतं : सुविधा सर्वांना वापरता येतील अशा करणं, नियम आणि कार्यक्रम दिव्यांगांना सामावतील असे बदलणं. गोव्यात जानेवारी २०२३ पासून भरणाऱ्या पर्पल फेस्ट या दिव्यांगांच्या महोत्सवात खेळ, कला, फिरणं एकाच मांडवात येतं, हेही चांगलं. पुण्यात खडकीला अपंग जवानांसाठी पॅराप्लेजिक सेंटर अनेक वर्षं आहे. तिकडे सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र, सैन्याचा पॅरा खेळांचा तळ हेही पुण्यातच. होकाटो सेमाचा पाय २००२ मध्ये सुरुंगस्फोटात गेला, आणि गोळा त्याने हातात घेतला तो पुण्यात, वयाच्या बत्तिशीत.

कुणाला स्पर्धेत उतरायचंच असेल तर युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) हवं, राज्याच्या पॅरा संघटनेत नोंदणी हवी, आणि राष्ट्रीय स्पर्धेत मिळणारा क्लास हा शेवटचा नाही हे आधीच माहीत हवं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पुन्हा तपासतात, आणि वाढत जाणारा आजार असेल तर ‘रिव्ह्यू’चा शिक्का मारून पुढेही तपासत राहतात. खेळ निवडण्याआधी एखाद्या क्लासिफायरला किंवा जाणत्या प्रशिक्षकाला विचारा, की या शरीराला कुठला क्लास बसेल. तीन वर्षं भालाफेकीत घालवून मग अपात्र ठरण्यापेक्षा ते बरं. आणि जुने एक्स-रे, ऑपरेशनचे कागद, डिस्चार्ज कार्ड रद्दीत देऊ नका. क्लासिफिकेशनच्या टेबलावर बसायच्या आधी तेच मागतात.